कॉलेज आपलं, मग ग्रंथालयाचं दार परकं का?

गेल्या खरिपातली गोष्ट. श्रावणात पावसाने आठ-दहा दिवस उघडीप दिली होती. एका गावातून अप्पांचा फोन आला. "साहेब, कपाशीची पानं भेंडीच्या पानासारखी व्हायलीत. दोन फवारे मारले, फरक नाही. एकदा येऊन बघा की."

माझ्याकडे अकरा गावं. बैठका, अहवाल, योजनांचे अर्ज यातून वाट काढत अप्पांच्या रानात पोचायला मला सहा दिवस लागले. हा उशीर माझा, तो आधीच कबूल करतो.

रानात जाऊन पाहिलं. नवी पानं लांबट, बोटांसारखी चिरलेली, शिरा एकमेकींजवळ ओढल्यासारख्या. पात्या गळून पडलेल्या. विहिरीकडच्या पहिल्या दहा-बारा ओळी सगळ्यात जास्त बिघडलेल्या, पुढे पुढे कमी होत गेलेलं. रोग असा ओळी मोजून येत नाही. मी विचारलं, "अप्पा, फवारणीचा पंप कुठला वापरला?"

"हाच की. एकच तर पंप आहे."

"कपाशीच्या आधी त्याने कशावर फवारलं होतं?"

"आडसाली उसात तणनाशक मारलं होतं. पण धुतला होता, एक बादली पाण्याने."

कोडं तिथंच सुटलं. उसात मारलेलं तणनाशक टू-फोर-डी होतं. रुंद पानाच्या तणांवर ते चांगलं चालतं, पण कपाशीला त्याचा अंशही सोसत नाही. पंपाच्या तळाशी, नळीत, नोझलमध्ये राहिलेल्या थेंबांनी पहिल्या ओळींचा घात केला. शेजारच्या रानातून वाऱ्यावर उडून आलेल्या तुषारांनीही असंच होतं. दुकानदाराने मात्र ‘व्हायरस’ म्हणून दोन वेळा औषध दिलं. साडेतीन हजार रुपये गेले आणि दिवस गेले ते वेगळेच.

बाधित शेंडे खुडा, पाणी द्या, थोडं खत द्या, झाड पुन्हा फुटेल, असं सांगितलं. अप्पांनी मान डोलावली. मग त्यांनी जो प्रश्न विचारला, त्यावरून हा लेख लिहायला बसलोय.

"साहेब, हे कुठं लिहिलेलं असतं का? का तुम्ही आल्यावरच कळायचं?"

गेटवरचा प्रश्न

लिहिलेलं असतं. कृषी विद्यापीठांच्या पुस्तकांत असतं, तणनाशकाच्या डब्याबरोबरच्या घडीपत्रिकेतही असतं. घडीपत्रिकेची अक्षरं मात्र मुंगीएवढी, चष्मा लावूनही दिसत नाहीत. म्हणून अप्पांना मोटारसायकलवर मागे बसवलं आणि नऊ किलोमीटरवरच्या तालुक्याच्या कॉलेजात घेऊन गेलो. तिथल्या ग्रंथालयात शेतीची पुस्तकं आहेत हे मला ठाऊक होतं.

गेटवर वॉचमनने अडवलं. "आयकार्ड?"

मी माझी ओळख सांगितली, मला सोडलं. अप्पांना नाही. "विद्यार्थी नाहीत, पालक नाहीत, मग ग्रंथालयात काय काम?" वॉचमन तसा भला माणूस, नियम त्याने केलेला नव्हता. अप्पा शांतपणे म्हणाले, "बाबा, त्या इमारतीत माझ्या बापाची दोन पोती ज्वारी आहे."

खरंच होती. पायऱ्यांजवळच्या संगमरवरी पाटीवर देणगीदारांची नावं आहेत. त्यात अप्पांच्या वडिलांचं नाव खालून चौथं. पाटी सगळे बघतात, वाचत कुणी नाही.

आवाज ऐकून ग्रंथपाल मॅडम बाहेर आल्या. "नियमात बसत नाही, पण तुम्ही आत येऊन बसा," म्हणाल्या. त्यांनी कपाट उघडून तणांवरचं पुस्तक काढून दिलं. पुस्तकाच्या मागे तारखेची चिठ्ठी चिकटवलेली असते. या पुस्तकाची चिठ्ठी कोरी होती. घेतल्यापासून ते पुस्तक एकदाही कुणी बाहेर नेलेलं नव्हतं.

अप्पा सातवीपर्यंत शिकलेले. बोट ठेवून ठेवून तासभर वाचत बसले. कपाशीवरचा परिच्छेद दोनदा वाचला. पंप साबण-सोड्याच्या पाण्याने वारंवार धुवावा, तणनाशकासाठी वेगळाच पंप ठेवलेला बरा, हे स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं. जाताना एवढंच म्हणाले, "हे जूनमध्ये वाचलं असतं, तर बरं झालं असतं."

धान्याच्या मुठीतून उभी राहिलेली कॉलेजं

आपल्याकडची ग्रामीण कॉलेजं कुणाच्या पैशातून झाली, हे आपण विसरत चाललो आहोत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली. बोर्डिंगातल्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही मोडलं. गावोगाव मूठ-मूठ धान्य आणि वर्गण्या जमल्या. १९४७ साली साताऱ्यात संस्थेचं छत्रपती शिवाजी कॉलेज उभं राहिलं. विदर्भात डॉ. पंजाबराव देशमुखांनी १९३२ साली अमरावतीला श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली, ती बहुजनांच्या आणि शेतकऱ्यांच्या पोरांसाठीच. पुढे साखर कारखाने आले. प्रवरानगरला १९५० साली सहकारी कारखान्याचं धुराडं पेटलं, १९६४ मध्ये तिथं ग्रामीण शिक्षण संस्था निघाली. नंतर कितीतरी कारखान्यांच्या परिसरात उसाच्या बिलातल्या कपातीतून शाळा-कॉलेजं बांधली गेली.

म्हणजे हे सरकारने दिलेलं दान नाही, कुणा शेटजींचा धर्मादायही नाही. गावाचं कॉलेज गावाने बांधलं. पोरगं शिकायला गेलं की बापाचा त्या इमारतीशी संबंध फी भरण्यापुरता राहिला, ही नंतर झालेली गोष्ट आहे.

बडोद्याचा धडा

सामान्य रयतेपर्यंत पुस्तक पोचवायचं कसं, याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वीच एका शेतकऱ्याच्या मुलाने देऊन ठेवलंय. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावी १८६३ साली जन्मलेला हा मुलगा बारा वर्षांचा होईतो लिहा-वाचायलाही शिकलेला नव्हता. १८७५ मध्ये तो बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला. तेच सयाजीराव गायकवाड महाराज. त्यांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पण शाळेतून शिकून बाहेर पडलेल्याला पुढे वाचायला काही मिळालं नाही, तर तो अक्षरं विसरतो, हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणून १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बोर्डन या ग्रंथपालाला बोलावून त्यांनी राज्यभर ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं.

त्यात दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. पहिली, गावाने वर्गणी जमवली की राज्याने तिला जोड द्यायची. त्यामुळे वाचनालय गावाला आपलं वाटायचं. दुसरी, फिरती ग्रंथालयं. लाकडी पेटीत पुस्तकं भरून ती पेटी गावी जायची, वाचून झाली की बदलून दुसरी यायची. वाचकाने पुस्तकाकडे यायची वाट न बघता पुस्तकच वाचकाकडे गेलं.

कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. आपल्या राज्याचा कायदा १९६७ चा. आज राज्यात अकरा-बारा हजार शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं आहेत, अ, ब, क, ड अशा वर्गांत. खेड्यातली बहुतेक ‘ड’ किंवा ‘क’ वर्गातली. २०२२ साली सरकारने त्यांच्या अनुदानात ६० टक्के वाढ मंजूर केली, तरी ‘ड’ वर्गाच्या रकमेत माणसाचा पगार, वीजबिल, वर्तमानपत्रं भागवून शेतीची नवी पुस्तकं घ्यायला फारसं उरत नाही. गावच्या वाचनालयात कादंबऱ्या असतात, चरित्रं असतात, ती हवीतच. पण ‘डाळिंबावरचा तेल्या’ शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही. ते मिळेल कॉलेजात, नाहीतर कृषी विद्यालयात. आणि तिथं आपल्याला आयकार्ड विचारतात.

मॅडमचीही बाजू ऐका

त्या दिवशी अप्पा वाचत होते तेव्हा मी मॅडमशी बोललो. त्यांची बाजू न सांगता पुढे गेलो तर अन्याय होईल. त्यांच्या हाताखाली पूर्वी तिघं होते, आता एक आहे. विद्यार्थी येतात ते अभ्यासिकेत, स्पर्धा परीक्षेची स्वतःची पुस्तकं घेऊन. पंख्याखाली शांत जागा मिळते म्हणून येतात. कपाटं उघडायची वेळ फारशी येत नाही. "मूल्यांकन समिती आली की विचारते, किती पुस्तकं वापरली जातात? काय सांगणार?" त्या म्हणाल्या. बाहेरच्यांना पुस्तक दिलं आणि हरवलं तर भरपाई त्यांच्या अंगावर, ही भीतीही खरी.

म्हणजे एकीकडे वाचकावाचून कुलपात पडलेली पुस्तकं, दुसरीकडे पुस्तकावाचून नडलेला वाचक. मधे नऊ किलोमीटर आणि एक नियम. कॉलेजच्या ग्रंथालयाचं पुढे काय होणार, अशी काळजी आज प्राचार्यांपासून ग्रंथपालांपर्यंत सगळे करतात. मला वाटतं, त्याचं उत्तर गेटच्या बाहेर उभं आहे. पोरं मोबाइलवर वाचू लागली म्हणून ग्रंथालय ओस पडणार असेल, तर ज्यांच्या ज्वारीतून ते बांधलं, त्यांना आत बोलवा. वाचक वाढेल, ग्रंथालयाचा वापर कागदावर दिसेल आणि पुढच्या खरेदीत काय घ्यायचं तेही कळेल.

"मोबाइलवर सगळं असतं की"

हे वाक्य मी रोज ऐकतो. मोबाइलवर बरंच असतं, मान्य. मीही वापरतो. पण टू-फोर-डीने वाकडी झालेली कपाशी मोबाइलवर शोधली, तर पाच जण पाच औषधं सांगतात. त्यातले तीन जण औषध विकणारे. मात्रा एक सांगतो पंपाला, दुसरा एकराला, तिसरा सांगतच नाही. विद्यापीठाच्या पुस्तकावर लिहिणाऱ्याचं नाव असतं, साल असतं. चुकलं तर विचारायला जागा असते.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले. कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो: लाल म्हणजे अतिशय जहाल, पिवळा त्याखालोखाल, मग निळा आणि शेवटी हिरवा. फवारणारा मजूर हे जाणतो का? त्याला कुणी दाखवलंय का? वाचन हा असा जिवाशी गाठ घालणारा विषय आहे, नुसता फावल्या वेळचा विरंगुळा नाही.

पण एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. जुनं पुस्तक धोक्याचंही असतं. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदी घातली, पण त्याआधीच्या पुस्तकांत ते पानोपानी सुचवलेलं सापडतं. मक्यावरची लष्करी अळी आपल्या देशात २०१८ मध्ये आली, त्याआधीच्या पुस्तकात तिचं नाव नाही. म्हणून शेतीची पुस्तकं नुसती असून भागत नाहीत, कोणतं चालू आणि कोणतं कालबाह्य हे सांगणारा माणूस तिथं हवा. हे काम ग्रंथपाल आणि आम्ही कृषी खात्याची माणसं मिळून करू शकतो.

काय करता येईल?

खर्चाचं फार काही नाही. माझ्या मते सहा गोष्टी करता येतील.

१) शेतकरी वाचक कार्ड : आधार कार्डाची झेरॉक्स, सात-बारा किंवा ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला आणि दोन-तीनशे रुपये अनामत घेऊन कार्ड द्यावं. शेतमजुरांना आणि महिला बचत गटांना सात-बाराची अट नको. पुस्तक हरवलं तर अनामतीतून वळतं करावं, म्हणजे ग्रंथपालांवर बोजा नाही.

२) बाजाराचा दिवस : शेतकरी संध्याकाळी तालुक्याला येऊ शकत नाही, शेवटची एसटी निघून जाते. पण आठवडी बाजाराला तो येतोच. त्या दिवशी सकाळी दहा ते चार ग्रंथालय बाहेरच्या वाचकांना खुलं ठेवावं. आठवड्यातला एक दिवस पुरे.

३) शेतीचं वेगळं कपाट : दाराजवळच, कुलूप नसलेलं. त्यात कृषी विभागाचं ‘शेतकरी’ मासिक, राहुरीची ‘कृषीदर्शनी’, परभणीचं ‘शेतीभाती’, अकोल्याची ‘कृषी संवादिनी’ आणि कृषी विज्ञान केंद्राच्या घडीपत्रिका. आमच्या कार्यालयातल्या घडीपत्रिकांचे गठ्ठे मी स्वतः आणून देतो.

४) जुन्या पुस्तकांवर शिक्का : कीड-रोगांच्या जुन्या पुस्तकांवर ‘औषधांची माहिती जुनी, आधी विचारा’ असा शिक्का मारावा. मशागत, जमीन, पाणी, जनावरं यांवरची जुनी पुस्तकं मात्र आजही सोन्यासारखी आहेत, ती फेकू नयेत.

५) पुस्तकांची पेटी : राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून चालू आहे. दरवर्षी कॉलेजची मुलं सात दिवस गावात शिबिराला येतात, रस्ते झाडतात, खड्डे खणतात आणि जातात. या वेळी जाताना पंचवीस-तीस पुस्तकांची पेटी गावात ठेवून जावी, दोन महिन्यांनी बदलावी. ठेवायची कुठं? गावात वाचनालय असेल तर तिथं, नसेल तर दूध संकलन केंद्रात. तिथं रोज दोनदा सगळं गाव येतं.

६) प्रश्नांची वही : ग्रंथालयात एक वही ठेवावी. शेतकऱ्याने प्रश्न लिहावा, उत्तर कुठल्या पुस्तकात आहे ते ग्रंथपालांनी लिहावं. जे पुस्तकात सापडणार नाही, त्याचं उत्तर आम्ही लिहावं. दोन-तीन वर्षांत ती वहीच आपल्या तालुक्याचं शेतीचं पुस्तक होईल.

ज्यांना संगणकाची सोय आहे त्यांच्यासाठी आणखी एक. मराठी विश्वकोश आता इंटरनेटवर सर्वांना मोफत वाचता येतो. आयआयटी खरगपूरने सांभाळलेली राष्ट्रीय डिजिटल लायब्ररीही २०१८ पासून देशाला खुली आहे. कॉलेजातल्या संगणकावर बसून एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या गावच्या चार जणांना ते दाखवलं, तर त्या पोराचंही शिक्षण झालं आणि गावाचंही.

गावाने पुस्तकं आपलीशी केली की काय होतं, हे महाबळेश्वरजवळच्या भिलारने दाखवलं आहे. स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या या गावाने ४ मे २०१७ पासून आपल्या घरांत, देवळांत, शाळेत पुस्तकांना जागा दिली. सुरुवात पंचवीस ठिकाणी, सुमारे पंधरा हजार पुस्तकांनी झाली. सरकारची मदत होती हे खरं, पण आपल्या घराच्या ओसरीत परक्या वाचकाला बसू देणारे शेतकरीच होते. शेतकरी आपल्या ओसरीत वाचक बसवतो, तर कॉलेजने आपल्या वाचनकक्षात शेतकरी बसवायला काय हरकत आहे?

ग्रामसभेपुढे एक विनंती

सरपंच, सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकारी म्हणजे आपले ग्रामसेवक, यांना माझी विनंती आहे. १२ ऑगस्ट हा भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांचा जन्मदिवस ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात. तीन दिवसांनी १५ ऑगस्टची ग्रामसभा असते. त्या ग्रामसभेत एक साधा ठराव घ्या: ‘आमच्या गावातील शेतकरी, शेतमजूर व महिलांना तालुक्याच्या महाविद्यालयाचे ग्रंथालय बाजाराच्या दिवशी वापरू द्यावे.’ ठरावाची एक प्रत प्राचार्यांना, एक संस्थेच्या अध्यक्षांना द्या. अकरा गावांचे अकरा ठराव एका टेबलावर आले, तर नियम बदलायला वेळ लागणार नाही. आणि प्राचार्यांनी होकार दिला, तर महिन्यातल्या पहिल्या बाजारी मी स्वतः त्या वहीजवळ येऊन बसेन, हा शब्द.

अप्पांची कपाशी पुन्हा फुटली. दोन वेचण्या कमी झाल्या, पण रान मोडावं लागलं नाही. त्यांनी जुना दुसरा पंप दुरुस्त करून घेतला आणि त्यावर लाल रंगाने ‘फक्त तणनाशक’ असं लिहिलं. मॅडमनी प्राचार्यांना विचारून अप्पांना ग्रंथालयात बसून वाचायची तोंडी परवानगीही मिळवून दिली. हे कळल्यावर अप्पा खूष होतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "माझ्या एकट्याचं झालं साहेब. पाटीवर तर सत्तर नावं आहेत."